थिअरी माझी, फायदा हिरेमठचा

एकाच स्टाफरूममध्ये बावीस वर्षं काढली की किस्से साचत जातात. माझ्याकडे साचलेत ते बहुतेक हिरेमठचे. दुखतं ते तिथंच!

सात रस्त्याजवळच्या आमच्या कॉलेजात मी फिजिक्स शिकवतो. 'सुरुवातीला केसाएवढा फरक, शेवटी डोंगराएवढा', ही केऑस थिअरी दर वर्षी फळ्यावर मांडतो. हिरेमठ शिकवतो भूगोल. आणि फायदा सगळा त्याला!

*

एकदा उकडतंय म्हणून तो खुर्ची उचलून पंख्याखाली बसला. तेवढ्यात प्राचार्य दारातून डोकावले. "पुण्याच्या ट्रेनिंगला कोण जातंय?" समोर हिरेमठ दिसला. "तुम्हीच जा!"

ट्रेनिंगवरून आला आणि विभागप्रमुख झाला.

दुसऱ्या दिवसापासून मी पंख्याखाली बसायला लागलो. मला सर्दी झाली.

*

एक बाहेरगावचे परीक्षक डबा विसरून आले. हिरेमठनं आपली शेंगा चटणी पुढं केली. ते गृहस्थ नंतर पाठ्यपुस्तकाच्या समितीवर गेले, आणि ह्याचं नाव पुस्तकात छापून आलं!

पुढच्या वर्षी मी माझ्या परीक्षकांना आग्रहानं कडक भाकरी वाढली. त्यांच्या दाढेची कॅप निघाली. प्रॅक्टिकल पुढं ढकललं.

"अरे, मी मुद्दाम काय केलो का?" हिरेमठ म्हणतो.

"नाही केलास, तेच तर!"

*

सगळ्यात जुना किस्सा कुंभारी गावचा. मी मुलगी बघायला निघालो होतो, हिरेमठ स्कूटरवर मागं. वाटेत पंक्चर! मीच म्हणालो, "तू रिक्षानं पुढं हो. मला उशीर होतोय म्हणून सांग."

मी पोचलो तेव्हा पोहे संपले होते, आणि मुलीचे वडील हिरेमठला विचारत होते, "तुमच्या घरी कोण कोण असतं?"

तीन महिन्यांनी मी त्याच्या लग्नात अक्षता टाकल्या.

पुढं माझंही लग्न झालं, संसार बरा चाललाय. पण मागच्या रविवारी त्यांच्याकडे दुपारी जेवायला गेलो, तेव्हा राहवलं नाही. "वहिनी, त्या दिवशी ह्याच्यात काय बघितलंत?"

"काय नाही हो भावजी. दारात सगळ्यांच्या चपला इस्कटल्या होत्या. ह्यांनी वाकून एकेक जोडी सरळ लावली. मी खिडकीतनं बघत होते. असा पाहुणा आमच्याकडं कधी आलाच नव्हता."

हिरेमठ मला गेटपर्यंत सोडायला आला. मी विचारलं, "का रे लावल्यास चपला?"

त्यानं मागं वळून घराकडं बघितलं आणि आवाज खाली आणला. "माझ्या चपलेचा अंगठा तुटलेला की रे! कुटं लपवावी, जागा बघत होतो."