ठिपक्यांचा तांबडा, रेघांचा हिरवा

माझ्या धाकट्या भावाने एका पोळ्याला मामाच्या बैलाचं एक शिंग तांबडं रंगवलं आणि दुसरं हिरवं. राणीसावरगावला मामाकडे आम्ही दर पोळ्याला जायचो, आणि शिंगं रंगवायचं काम पोरांकडे असायचं. बैल वेशीत उभे राहिले आणि अख्खं गाव त्या एका बैलाकडे बोट दाखवून हसायला लागलं. मामाने आधी भावाची कानउघाडणी केली, मग तोही हसला. भाऊ मात्र काय बिघडलंय ते शोधत बैलाकडे नुसता बघत होता. मला वाटलं, वेड पांघरतोय. घरीसुद्धा त्याचं असंच. पिकलेली बोरं वेच म्हटलं तर ओंजळीत अर्धी कच्ची. याचं लक्षच नसतं, असं आई म्हणायची. आमच्या घरात एकदा बसलेला शिक्का सहसा पुसला जात नाही.

खरं कारण कळलं ते नको त्या वेळी. आमचं घर सेलूला, रुळांच्या जवळच. वडील शाळेत मास्तर. भावाला रेल्वेत इंजिन चालवायचं होतं, दुसरं काही त्याच्या डोक्यातच नव्हतं. लेखी परीक्षा पास झाला तेव्हा वडिलांनी गल्लीत पेढे वाटले. मग सिकंदराबादला तपासणीसाठी गेला, तर तिथल्या डॉक्टरांनी त्याच्यापुढे रंगीत ठिपक्यांचं पुस्तक उघडलं. त्या ठिपक्यांत आकडा दडलेला असतो, तो ओळखायचा. याला पानोपानी नुसते ठिपकेच दिसले. तांबड्या-हिरव्यातला फरक याच्या डोळ्यांना कळत नाही आणि कधी कळणारही नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. सिग्नल न कळणाऱ्याच्या हातात गाडी कोण देणार?

परत आला तो गप्पच झाला. गाडीची शिट्टी ऐकू आली की उठून मागच्या खोलीत जायचा. वडील म्हणायचे, दुसऱ्या जागा सुटतात, अर्ज कर. तो एकदाच बोलला. "जे समद्यांला दिसतं ते मला दिसंना. मग कशाला अर्ज?" वर्ष होत आलं. मला त्याची दया यायची आणि तेवढाच संतापही यायचा. हा असाच बसून राहील आणि आपल्याला त्याची सवय होऊन जाईल, या विचाराने मी आतून घाबरले होते.

औरंगाबादेत कोर्स करून आल्यामुळे मी तेव्हा सेलूतल्या एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होते. क्लास म्हणजे कापसाच्या अडत दुकानावरची माडी. चपला बाहेर काढायच्या, आत एकुलतं एक मशीन, त्यावर आईने शिवलेलं झाकण. पडदा काळा आणि त्यावर नारिंगी अक्षरं, बाकी रंग नाही. हंगामात खालून कापसाचे तंतू उडत वर यायचे आणि पंख्याच्या जाळीत बसायचे. ते मी दातांच्या जुन्या ब्रशने काढायचे. शिकायला येणारी पोरं बटणांना हात लावायला भ्यायची. त्यांची भीती मोडायला एखादा खेळ हवा होता.

औरंगाबादच्या मैत्रिणीकडे तसा एक खेळ होता. बागेतून पळत तांबडी फळं वेचायची, हिरवी विषारी, ती टाळायची. तपासणीच्या आधी भाऊ मला भेटायला तिकडे आला होता तेव्हा रंगीत पडद्यावर तो हा खेळ खेळला होता. हिरवी फळं खाऊन दर वेळी मरायचा, आणि मैत्रिणींची हसून पुरेवाट झाली होती. आता मी त्या खेळाची फ्लॉपी मागवली, तर आमच्या मशीनवर तो सुरूच होईना. पडद्यावर चित्र काढणारं एक कार्ड मशीनच्या पोटात असतं. आमचं कार्ड एकरंगी, आणि खेळाला हवं होतं रंगीत.

मैत्रिणीने ओळखीच्या एस.टी. कंडक्टरबरोबर आणखी एक फ्लॉपी धाडली. तिच्यात छोटासा प्रोग्रॅम होता. खेळाने विचारलं, रंगीत कार्ड आहे का, की हा बेधडक सांगणार, आहे. मग खेळ जो रंग मागेल त्याच्या जागी हा एकरंगी पडद्यावर ठिपके नाहीतर रेघा काढणार. दारात पोलीस होऊन येणारा बहुरूपीच म्हणायचा.

फ्लॉपी आली त्याच्या दुसऱ्या दिवशी विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद होता. पोरं येणार नव्हती, पण मी काही घरी बसणाऱ्यातली नव्हते. वडिलांनी सोबतीला भावाला पिटाळलं. तो आला, भिंतीशी बसला आणि खिडकीतून रिकामा रस्ता बघत राहिला.

मी घाईत आधी खेळ लावला आणि मग प्रोग्रॅम. मशीन गोठलं. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आधी प्रोग्रॅम, मग खेळ. पडदा थरथरला आणि हळूहळू बाग उमटली, सगळी नारिंगी. मी खेळायला लागले आणि लगेच मेले. पुन्हा मेले. कोणतं फळ कोणतं, हेच मला उमगेना.

भाऊ मागे येऊन उभा राहिला होता. ह्यात तांबडं कोणतं, त्याने विचारलं. दोनदा कशाने मेले ते आठवून मी सांगितलं, दाट ठिपके तांबडे, तिरप्या रेघा हिरव्या. त्याने मला खुर्चीवरून उठवलं.

एकही हिरवं फळ त्याने तोंडात घातलं नाही. बाग संपली, दुसरी लागली, तीही त्याने पार केली. माझ्या डोळ्यांना रंगाची सवय, मला दर वेळी थांबून आठवावं लागायचं. त्याला ती सवयच नव्हती. ठिपके म्हणजे घे, रेघा म्हणजे सोड, इतकं सरळ. मग तो हसला. वर्षभरात पहिल्यांदा हसला.

"ताई, तुला तरी कुठं तांबडं दिसायलंय? इथं आपण समदे सारखेच."

मला रडू आलं. पंख्याची जाळी पुसायच्या निमित्ताने मी पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी बंद उठला, पोरं आली, आणि कोणी पिटाळलं नसताना हाही आला. कोणतं फळ विषारी, हे पोरं त्याला विचारायची. त्याला खेळापेक्षा तो थापाड्या प्रोग्रॅमच जास्त आवडला. रंगाच्या जागी खूण कशी बसवतात, हे शिकायचं म्हणून तो माझी पुस्तकं घरी न्यायला लागला. पुढे तो क्लासमध्ये शिकवायला लागला. शिट्टी वाजली तरी आता तो खोलीत जात नव्हता. इंजिनाचं दुःख गेलं असं मी म्हणणार नाही, पण त्याच्या दिवसाला आता काम होतं.

पुढच्या पोळ्याला मामाकडे गेलो. रंगाचे डबे बाहेर निघाले तेव्हा भावाने मला एकदाच विचारलं, कोणता कोणता. मग त्याने खिळा घेऊन एका झाकणावर ठिपके टोचले, दुसऱ्यावर तिरप्या रेघा ओढल्या आणि रंगवायला बसला. सगळ्या बैलांची दोन्ही शिंगं तांबडी झाली. शेवटी गाव ज्याला हसलं होतं तो जुना बैल उरला. त्याचं एक शिंग रंगवून झालं, आणि भावाने मुद्दाम रेघांचा डबा पुढे ओढला.

मामा धावत आला. "आरं, पुना तेच करायलास का?"

"मामा, तवा कळलं न्हवतं," भाऊ म्हणाला. "आज कळून रंगवायलोय."

 मामाने त्या बैलाचं दावं सोडलं आणि वेशीकडे निघताना तोच बैल सगळ्यांच्या पुढे घेतला.