पेंढ्याच्या चपलांची दुसरी जोडी

"आजी, यंदा एकच जोडी पुरे हं."

कुरोसाकी हे वाक्य इने आजींच्या ओट्याशी उभ्या उभ्या म्हणाला. टेकलासुद्धा नाही. मी तिथेच बांबूचे कोंब सोलत बसले होते. पेंढा वळणारे आजींचे हात थांबले.

एप्रिलच्या जत्रेत आमच्या बेटावर राक्षस दारोदार नाचतो आणि घरातली इडापिडा हाकलतो. मुखवटा चढला की त्याचा उघडा तळवा जमिनीला लागता कामा नये, म्हणून त्याला दरवर्षी पेंढ्याच्या नव्या चपला लागतात. पंचेचाळीस वर्षं त्या इने आजीच वळतात. नाचणाऱ्याच्या पायाचं माप त्या कधी घेत नाहीत. मासळीबाजारात तो बर्फावरून चालताना एकदा बघतात, बस्स. एक जोडी खालच्या वस्तीसाठी, दुसरी वरच्या चार घरांच्या चढणीसाठी. एकच जोडी पुरे, म्हणजे राक्षस वर, आजींच्या दारी येणारच नाही.

"पाहुणे अकराच्या बोटीनं येतात आणि दोनच्या बोटीनं जातात," जत्रा समितीचा हा अध्यक्ष सांगत होता. "म्हणून सगळं धक्क्यावरच ठेवलंय. खुर्च्या, माईक, झकास! तुम्हीपण या. पुढची खुर्ची राखून ठेवतो."

"मला खुर्ची देशील रे. माझ्या घराला काय देशील?"

तो हसला. म्हातारीनं गंमत केली असं त्याला वाटलं असावं.

गंमत नव्हती. आदल्या वर्षी मार्चमध्ये आजींचे यजमान यासोजी गेले. सुतकाच्या घरात राक्षस शिरत नाही. त्या जत्रेत ढोल त्यांच्या दारावरून मुका गेला आणि आजी आत उभ्या राहून ऐकत होत्या, न वाजलेला ढोल. तेव्हापासून दाराची एक फळी त्यांनी लावलेलीच ठेवली होती. राक्षस दारी आल्याशिवाय ती उघडायची नाही, आणि त्याचं पाऊल घरात पडल्याशिवाय सुतकही फिटायचं नाही. वयाच्या एकोणऐंशीव्या वर्षी आणखी एक वर्ष थांबा, हे कुणाच्या तोंडानं सांगायचं?

घरी आल्यावर मी नवऱ्याला धरलं. तो समितीत आहे आणि ढोलही तोच वाजवतो.

"तुम्ही पण हात वर केलात?"

"सगळ्यांनीच केला."

"आजींनी केला? वरच्या घरांतलं कुणी होतं तरी बैठकीत?"

त्यानं मिसोच्या साराच्या वाडग्यात तोंड घातलं ते बाहेर काढलंच नाही.

आजींनी जोड्या मात्र दोनच वळल्या.

"अहो, दुसरी त्यांना कशाला देता?" मी चिडून म्हटलं.

"देतेय कुठं? माझ्या उंबऱ्यावर ठेवणार. ज्याची आहे तो येऊन घालेल. आणि त्या कुरोसाकीला सांग, धक्क्याचं काँक्रीट पेंढा खातं."

मी सांगितलं. "दहा मिनिटांचा तर नाच!" म्हणून त्यानं मला वाटेला लावलं.

जत्रेच्या दिवशी धक्का माणसांनी भरला. पाहुणे हौसेनं आले होते, त्यांच्यावर माझा राग नाही. हिरव्या टोपीतली एक बाई माझ्याकडून भाताची मूद घेताना म्हणाली, "पत्रकात तर लिहिलंय, राक्षस घरोघरी जातो. मग घरं कुठायत?" मला लाजेनं मान वर करवेना.

नाच दहा मिनिटांत संपला. कुरोसाकी माईकवर ओरडला, "फोटोसाठी पुन्हा एकदा!" मग आणखी एकदा. तिसऱ्या वेळी योइची, म्हणजे आमचा यंदाचा राक्षस, गिरकी घेता घेता एका पायावरच थांबला. डाव्या चपलेचा तळ झिजून चोथा झाला होता. उजवीचाही एक पातळ थर तेवढा उरला होता. लोकांना तोही नाचाचाच भाग वाटला. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझा नवरा ढोल टाकून धावला आणि त्यानं राक्षसाला पाठुंगळी घेतलं. धावपळीत कुरोसाकी मासेवाल्याचे गमबूट घेऊन आला.

"राक्षसाला गमबूट?" माझा नवरा इतका मोठ्यानं ओरडला की माईकशिवाय सगळ्यांना ऐकू गेलं.

"मग दुसरी जोडी आणा! कुठंय दुसरी जोडी?"

"आजींच्या उंबऱ्यावर," मी म्हटलं. "एकशे अठरा पायऱ्या आहेत. मोजून घ्या."

"कुणीतरी पळत जाऊन आणा ना!"

कुणी हललं नाही. मग पाठीवरून, मुखवट्याच्या आतून योइची बोलला, "मला न्या."

नेला. चौघांनी आळीपाळीनं नेला आणि शेवटच्या चाळीस पायऱ्या कुरोसाकीच्या पाठीवर आल्या. मी मागेच होते. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता आणि मला तिळमात्र दया आली नाही. ढोल मागे, ढोलामागे पाहुणे.

वर, ढोल चढताना ऐकून आजींनी दाराच्या दोन्ही फळ्या सताड उघडल्या होत्या. आजी निळ्या किमोनोत बसल्या होत्या, पुढ्यात लाल भात, कोंबांची भाजी आणि साके. उंबऱ्यावर चपला, टाचा बाहेरच्या बाजूला करून, येणाऱ्याला घालायला सोप्या अशा.

"उशीर केलास," त्या राक्षसाला म्हणाल्या आणि स्वतः वाकून त्याच्या पायात चपला चढवल्या.

तो आत नाचला. त्या जुन्या जमिनीवर पाय असा दणदणला की यासोजींच्या तसबिरीसमोरची पणती थरथरली. आजी तसबिरीकडे बघून हळूच म्हणाल्या, "आला बरं का." एवढंच.

मग वरची उरलेली तिन्ही घरं झाली. मधेच खाली बोटीचा भोंगा वाजला. निम्मे पाहुणे पायऱ्या उतरत पळाले. हिरव्या टोपीवाली आजींच्या ओट्यावरून उठलीच नाही.

"यानंतरची बोट कधी?" तिनं विचारलं.

"उद्या सकाळी," आजी म्हणाल्या. "जेव आधी."

कुरोसाकी पायरीवर धापा टाकत होता. त्यानं माफी मागितली नाही, अजूनही मागितलेली नाही. फक्त म्हणाला, "आजी, पुढच्या वर्षी दोन जोड्या."

"तीन," आजी त्याच्या पानात भात वाढत म्हणाल्या. "तुझं काँक्रीट काही सुटायचं नाही. पण आधी वर यायचं. धक्का नंतर."