कांचनचे गाल अन् आमच्या लग्नघरचे किस्से

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी हे सारं सुरू झालं. मी माझ्या लेकीचं, परीचं दूध गॅसवर ठेवून घड्याळाकडे पाहत होती. तेवढ्यात माझी नणंद कांचन हातात आरसा घेऊन आली अन् म्हणाली, "वहिनी, मी लग्नात तोंड दाखवत नाही. पदर ओढून बसतो!"

दूध उतू गेलं.

लग्नघरात किस्से कसे साचतात ते तुम्हाला सांगायला नको. चार बाया तूर निवडायला बसल्या की एक निघतो, त्याच्या मागून दुसरा. आमच्या वरवट बकाल गावच्या घरचे तर सगळे किस्से कांचनच्या गालांवरूनच निघाले!

साखरपुड्याचे फोटो आले होते. त्यात तिला स्वतःच्या दोन्ही गालांवरचे वांगाचे तपकिरी डाग दिसले अन् त्या दिवसापासून पोरीचं हसणं बंद झालं. मी मुळातच काळजीची. परीला शिंक आली तरी माझ्या हातातलं लाटणं थांबते. परी झाली तेव्हा याच कांचननं मला सव्वा महिना पाणीही हातानं घेऊ दिलं नव्हतं. तिचं हसणं गेलेलं मला कसं चालेल? मी सातवी शिकलेली, पण मोबाइलवर शोधता येते. मलकापूरला चामडीच्या डॉक्टरीणबाई आहेत, लेझर करतात, एवढं मी शोधलं.

* * *

"आधी काय काय लावलं?" मॅडमनी विचारलं.

कांचननं यादीच म्हटली. जायफळ, बटाटा, लिंबू. लिंबू लावून ती भर उन्हात वावरात गेली होती! मग दुकानातून आणलेली गोरं करायची क्रीम. ती ट्यूब पाहून मॅडमनी कपाळाला हात लावला. "ही आजपासून बंद. यानंच चेहरा नाजूक झाला."

सोबत आलेल्या माझ्या सासूबाई गुपचूप बसल्या होत्या. त्यांनी हळूच आपली पिशवी उघडली अन् तशीच एक ट्यूब टेबलावर ठेवली. "मंग हेही ठेवा बाई. हे माही हाये."

मॅडम म्हणाल्या, "आई, तुमचं लग्न कधी आहे?"

* * *

लेझरच्या दिवशी मी कांचनचा हात धरून उभी राहिली. तिच्या डोळ्यांवर झाकणं बसवली, माझ्या डोळ्यांना काळा चष्मा दिला. मशीन टक्-टक् वाजायला लागली. बारीक लव जळल्याचा वास आला. पुढचं आठवते ते एवढंच, की मी खाली बसलेली अन् नर्सताई मला पाणी पाजत आहे.

"दुखते का हो?" त्या विचारत होत्या. मला!

टेबलावरून कांचन म्हणाली, "वहिनी, तुमी या इकडं झोपा. मी हात धरतो तुमचा!"

त्या दिवशी ती कितीतरी दिवसांनी हसली. मला चक्कर आल्याचं सार्थक झालं म्हणा ना.

* * *

ऊन लागू द्यायचं नाही, असा मॅडमचा हुकूम होता. पण कापूस वेचायचे दिवस, घरी कोण बसते? कांचन निघाली वावरात. तोंडाला स्कार्फ, डोळ्याला गॉगल, हातात छत्री, पायात बूट.

शेजारच्या वावरातले काका धावतच धुऱ्याच्या बांधावर आले. "या मॅडम, या! सावलीत बसा." थर्मासमधला चहा दिला, बोंडअळीची पडलेली बोंडं आणून दाखवली, नुकसानीचा पंचनामा नीट करा म्हणून हात जोडले. कांचननं चहा पिऊन घेतला अन् स्कार्फ खाली केला.

"काका, मी कांचन हावो."

काका तिच्याकडे पाहतच राहिले. "मंग चहा काऊन पेली वं?"

"तुमी मॅडम म्हणून देला. मले तर कधी इचारलाही नाही!"

* * *

नवरदेव अमोलभाऊ रोज व्हिडिओ कॉल करायचे. ही फोन उचलायची अन् कॅमेरा वर धरायची. घरभर बोलणं ऐकू यायचं, पण त्यांना दिसायचा फक्त छताचा पंखा.

एक दिवस ते म्हणाले, "सासूबाईले सांगा, पंखा चांगला हाये. मले पसंत हाये. आता पोरगीही दाखवा!"

आम्ही दाराआड पोट धरून हसलो. पण आत कांचन फोन ठेवून रडत होती. कारण दुसऱ्या वेळच्या लेझरनंतर डाव्या गालावरचा डाग पहिल्यापेक्षाही काळा दिसायला लागला होता.

तिला पहिल्यांदा मलकापूरला मीच नेलं होतं. दुसऱ्याच दिवशी सासूबाईला घेऊन आम्ही परत तिथं गेलो.

मॅडमनी गाल उजेडात धरून पाहिला. "चामडी चिडली आहे. आता मशीन बंद. नुसतं मलम, अन् उन्हाला जपायचं. डाग सगळे जातील असं मी आधी म्हटलं नव्हतं, आताही म्हणणार नाही. फिके होतील."

"लग्नापर्यंत होतील का, मॅडम?" मी विचारलं.

"होऊ शकतात. पण चेहऱ्याला काही घासायचं नाही. उटणं नाही, हळदसुद्धा नाही."

सासूबाई उसळल्या. "हळद नाही? मंग लगन कशाचं लावू, मलमाचं?"

मॅडमना राग आला नाही. हसल्या अन् कांचनला म्हणाल्या, "घाबरू नको. मी आहे ना." खोटी आशा न देता धीर देणारं माणूस मी पहिल्यांदा पाहिलं. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

* * *

अन् खरंच डाग फिके झाले. गेले नाहीत, पण जवळ आल्याशिवाय दिसेनात. अमोलभाऊंना पंख्याच्या जागी पोरगी दिसू लागली.

राहिली हळद. आमच्याकडे आधी पाय, मग गुडघे, खांदे अन् शेवटी गाल. गालाची पाळी आली की बाया कणीक मळावी तसं तोंड मळतात! मी घरच्या बायांना आधीच सांगून ठेवलं होतं. पण नवरदेवाची उष्टी हळद घेऊन त्याची आत्या आली, तिला कोण सांगणार? उष्टी हळद नाकारली म्हणजे नवरदेवालाच नाकारलं.

आत्यानं मूठभर हळद घेतली. "चला, नवरीचं तोंड इकडं करा!"

कांचननं माझ्याकडे पाहिलं. एवढ्या महिन्यांची जपणूक त्या एका मुठीत होती.

तेवढ्यात सासूबाई उठल्या. कांचनच्या पुढ्यात येऊन बसल्या, चष्मा काढला अन् आपला गाल पुढं केला.

"इहीनबाई, इथं लावा. ते तोंड याच तोंडावरून काढेल हाये!"

आत्यानं एकदा कांचनकडे पाहिलं, एकदा सासूबाईकडे. मग सगळी मूठ सासूबाईच्या गालावर थापली अन् म्हणाली, "मंग नाकही तुमचंच दिसते. त्यालेही लावतो!"

मग काय, बायांची रांगच लागली. जिनं तिनं सासूबाईलाच मळलं. मागे कांचनचे डोळे वाहायला लागले, तिनं हात वर नेला अन् मी ओरडली, "घासू नको! नुसतं टिप!"

सासूबाई कानापर्यंत पिवळ्या झालेल्या. तशाच उभ्या राहून म्हणाल्या, "बायाहो, ज्याच्या घरी लगन हाये तिथं सांगजा. डॉक्टरनं नाही म्हणलं तर नवरीच्या गालाले हात लावायचा नाही. लईच हौस असंल, तर तिची माय हाये!"

मी माझ्याकडून सांगितलं. आता तुम्ही पुढं सांगा.