मनगटावरची शेवंती

नवरा गेला त्यानंतरच्या पहिल्या संक्रांतीच्या आठवडाभर आधी वरच्या मजल्यावरची शेजारीण दारात येऊन म्हणाली, "वहिनी, संक्रांतीला हळदीकुंकू आहे आमच्याकडे. तुम्ही तिळगूळ घ्यायला या हं. सगळ्याजणी गेल्या की."

सगळ्याजणी गेल्या की! म्हणजे उष्टी भांडी निघतात त्या वेळेला.

कुंकवाचं मला फारसं काही नव्हतं. दिल्लीच्या उन्हाळ्यात ते तसंही घामाने ओघळून नाकाच्या शेंड्यावर येतं. पण फूल? मी जन्मले तेव्हाच माझ्या डोक्यात वेणी होती, सुईणीला विचारा. आमच्या लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी वसाहतीतल्या कुंड्यांतली शेवंती निम्मी माझ्या केसांत जायची आणि माळी फायलीत 'माकडांनी नेली' असं लिहायचा. ते फूल आता मी घालायचं नाही, हे ठरवणाऱ्या या कोण?

मी कुंडीतली शेवंती खुडली, पर्समध्ये टाकली आणि तडक बाजार गाठला. तिथे फुटपाथवर गोंदणारा बसायचा, बॅटरीवरचं मशीन आणि फुलांचा रंगीत बोर्ड घेऊन. माझ्या कोऱ्या कपाळाकडे बघत त्याने बोर्ड वाचून दाखवला. "गुलाब मोहब्बत का, कमल लक्ष्मी का, चमेली सुहाग की. बहनजी, आप ॐ करा लो."

"क्यों? फूल खत्म हो गए?"

मी शेवंती त्याच्या पुढ्यात ठेवली. तो बुचकळ्यात पडला. "ये तो बोर्ड पे नहीं है. इसका मतलब क्या होता है?"

"मेरी मर्ज़ी. यही मतलब है. चल, सुई चला."

सुई चालली आणि मी अशी किंचाळले की आवाज थेट पानिपतावर पोचला. त्या लढाईनंतर तिकडे एवढी खणखणीत मराठी आरोळी कोणी ऐकली नसेल.

संक्रांतीला काळी चंद्रकळा नेसले, वर नवऱ्याचा कोट चढवला, आणि सगळ्याजणी जायच्या आत, उलट सगळ्यांच्या आधी, वर जाऊन सोफ्याच्या मधोमध बसले.

"अय्या, वहिनी! तुम्हाला नंतर..."

"नंतर मला टाइम नाही. ऑफिसचं काम आहे." सुट्टी होती, पण असो.

बायका जमल्या. हळदीकुंकवाचं तबक फिरलं. माझ्यापाशी आल्यावर ते असं वळलं, जणू मधे खड्डा होता. मागून फुलांची परडी आली, तीही वळली. मग मी कोटाची बाही सावकाश वर केली. मनगटावर पिवळीधमक शेवंती.

"मला देऊ नका. मी माझं घेऊन आलेय."

एकीने रुमाल ओला करून घासून पाहिलं. "निघत नाही का हो?"

"हात घेऊन जा, मग निघेल."

"पण लोक काय म्हणतील?"

"तुम्हीच लोक. म्हणा ना!"

तेवढ्यात स्वयंपाकघराचं दार उघडलं. शेजारणीच्या सासूबाई. दर संक्रांतीला त्या आत बसून सगळ्यांसाठी लाडू वळायच्या, कारण त्यांचेही यजमान गेलेले. बाहेर बायकांच्या बैठकीत मी त्यांना कधीच पाहिलं नव्हतं. गुळाने चिकट झालेल्या हाताने त्यांनी माझं मनगट धरलं.

"सुकत नाही ना गं हे?"

"नाही, काकू. मेल्यावरही बरोबर येतं म्हणतात."

"दुखतं?"

"छे! मुंगी चावल्यासारखं." पानिपताचं मी काही बोलले नाही.

त्या सुनेकडे वळल्या. "माझी शाल आण."

"आई, अहो, या वयात? आणि लाडू?"

"लाडू तू वळ."

बाजारात त्यांनी बोर्डाकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोगरा," म्हणाल्या. बोर्डावर मोगरा नव्हताच. गोंदणाऱ्याने माझ्याकडे बघून कपाळाला हात लावला. "माताजी, अब इसका मतलब?"

"हमारी मर्ज़ी," काकू म्हणाल्या आणि गुळाचा हात पदराला पुसून त्याच्यापुढे धरला.