खंडेनवमीचं उघडं इंजिन

आमच्या गोठ्याला लागून असलेल्या शेडमध्ये एक लाल गाडी उभी आहे. कागदावर ती माझ्या नवऱ्याची. तो फौजेत आहे, सुट्टीवर येतो तेवढाच घरचा. त्यानं ती जुनी घेतली ती तिच्या इंजिनाच्या नावावर. दिसायला चारचौघींसारखी, पण तिच्या काळात पोरं तिच्यासाठी वेडी होती म्हणे. दर सुट्टीत तो म्हणायचा, ह्या खेपेला इंजिन खोलतो. मग सुट्टी लग्नांत, पाहुण्यांत आणि ऊसतोडीची टोळी शोधण्यात संपायची आणि गाडीवर ताडपत्री तशीच राहायची.

एकदा मात्र आम्ही दोघं कोयनानगरला निघालो आणि घाटात त्यानं गाडी माझ्या हातात दिली. तिसऱ्या गिअरला मी पाय दाबला आणि तिनं अशी काही उसळी घेतली की पुढचा ट्रक बघता बघता मागं पडला. कराडजवळच्या या घरात मी सून म्हणून आले तेव्हापासून इतक्या पटकन माझं कुणी ऐकलं नव्हतं. हसू नका, मला खरंच असं वाटलं.

येताना इंजिनातल्या पाण्याच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. पाण्याचा पंप गळत होता. नवरा ड्यूटीवर परत गेला आणि मी ठरवलं, आपणच बदलायचा. एवढं उघडतोच आहोत तर आतला पट्टाही नवा घालू, आणि चिरलेल्या रबरी नळ्यांच्या जागी जाड, निळ्या सिलिकॉनच्या, त्या तापल्या तरी फुगत नाहीत. सामान कुरिअरनं मागवलं. शिकले मोबाईलवर व्हिडिओ बघून.

सासूबाईंना हे बिलकूल पसंत नव्हतं. मी त्यांना आत्या म्हणते. त्या शेडच्या दारात उभ्या राहून माझ्या काळ्या हातांकडं बघायच्या आणि म्हणायच्या, "बाईच्या हाताला त्याल लागावं त्ये डोक्याला लावताना." एक दिवस त्यांनी निकालच दिला. "दसऱ्यापातूर ही चालू झाली तर ठीक. न्हाईतर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सांगलीचा भंगारवाला येतोय, मी सांगितलंय त्येला. कारखाना सुरू व्हायच्या आत उसाच्या ट्रॉलीला जागा पायजे." मी नवऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तुम्ही दोघी बघा काय ते. सीमेवर उभा राहणारा माणूस घरच्या भांडणात असा पाय मागं घेतो.

मग मी हट्टालाच पेटले. पण व्हिडिओतला माणूस परदेशी, भराभर बोलायचा, आणि इंजिन आमच्यासारखंच असलं तरी त्याच्याकडं जे डावीकडं होतं ते आमच्याकडं उजवीकडं. तो एक झाकण काढायचा, माझ्याकडं त्या झाकणाच्या आड दुसरंच झाकण निघायचं. बोल्टही सगळे वेगवेगळ्या लांबीचे. लांब बोल्ट आखूड भोकात गेला तर आतलं बीड, म्हणजे ओतीव लोखंड, तडकतं, एवढंच मला पक्कं कळलं होतं. म्हणून खताची रिकामी पोती जमिनीवर पसरून निघेल तो भाग मी निघेल त्या क्रमानं मांडत गेले आणि व्हाइटनरनं प्रत्येकावर खूण केली. माझी सगळी अक्कल त्या पोत्यांवर होती, डोक्यात काही नव्हतं.

खंडेनवमीच्या सकाळी मी झेंडू आणायला मळ्यात गेले. उन्हं चढल्यावर परत आले तर पोती गुंडाळून भिंतीला टेकवलेली.

शेड झाडून, शेणानं सारवून घेतलेलं. मधोमध पाट, पाटावर नवा ब्लाऊजपीस. त्यावर कोयता, खुरपी, फवारणीच्या पंपाचा दांडा, आणि त्यांच्या शेजारी माझ्या उघड्या इंजिनातून निघालेलं सगळं. सगळे भाग पावडरनं धुऊन लख्ख केलेले. मोठे मागं, लहान पुढं. बोल्ट लांबीप्रमाणं ओळीत लावलेले. व्हाइटनरची एक खूण शिल्लक नव्हती, तिच्या जागी प्रत्येकावर हळदीकुंकवाचं बोट. निळ्या नळ्या गोल करून ठेवलेल्या, त्यांच्या मधोमध नारळ. आणि सगळ्यांच्या पुढं, पहिल्या मानाच्या जागी, माझा पान्यांचा सेट.

मी झेंडू तिथंच टाकले. "आत्या, आवं हे काय केलंत? आता कुठलं कुठं बसवू मी?"

त्या उदबत्ती लावत होत्या. "वरडू नगंस सणाच्या दिवशी. ज्येच्या हाताला जे लागतं, त्ये पुजायचं. तुज्या हाताला ह्येच लागतंय न्हवं?"

ज्या पान्यांवरून त्यांनी मला इतकं बोलून घेतलं होतं, तेच पाने पाटावर होते आणि त्यांना फूल वाहिलेलं होतं. चिडावं की पाया पडावं, मला कळेना. शेवटी पाया पडले आणि मनात चिडले.

त्या दिवशी पुजलेल्या वस्तूला हात लावायचा नसतो. मी दिवसभर पाटासमोर बसून बोल्ट नुसते डोळ्यांनी उचलत होते. नवऱ्याला व्हिडिओ कॉल लावला. त्यानं बराच वेळ निरखून बघितलं आणि विचारलं, "ते दोन कान असलेलं काय आहे?" मी फोन ठेवून दिला.

दसऱ्याला सोनं वाटून झाल्यावर बसले. पंप बसला. त्याचे बोल्ट एकेक करून नुसते हातानं घालून बघायचे, अडला की काढायचा, असं चाललं होतं. आतलं झाकण बसलं तेव्हा बाहेरच्याला बोल्ट पुरेनात, म्हणजे आत कुठंतरी चुकलं होतं. पुन्हा सगळं काढलं. संध्याकाळ झाली. गाडी तशीच उघडी. एवढ्याशा चुकीनं आपली गाडी जाणार, या विचारानं मला शेडमध्येच रडू आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भंगारवाल्याचा टेम्पो दारात. मी पुढं व्हायच्या आत आत्या पदर खोचून शेडच्या तोंडाशी जाऊन उभ्या राहिल्या.

"मावशी, तुमीच बोलावलं न्हवं?" तो म्हणाला.

"बोलावलं हुतं. पर आता पुजलीया ती. पुजलेली वस्तू कुणी भंगारात घालतं व्हय?"

"मग कवा येऊ?"

"फुडच्या खंडेनवमीपातूर तरी न्हाई."

तो माझ्याकडं बघायला लागला. मलाच काही उमगत नव्हतं. टेम्पो वळून गेल्यावर मी विचारलं, "आत्या, पूजा मुद्दाम केलीत का?"

"मला काय कळतंय त्यातलं," त्या म्हणाल्या. मग खोचलेला पदर सोडत म्हणाल्या, "मिरजंला दवाखान्यात जायाचं हाय मला. एष्टीत कंबर लय धरती. कवा चालू व्हईल ही?"

भक्ती होती, की डाव होता, की नुसती कंबर, मी अजूनही ठरवू शकलेले नाही. त्यांनी माझी सगळी मांडणी मोडली होती आणि त्यांनीच माझी गाडी वाचवली होती. राग गेला नव्हता आणि डोळे भरून आले होते, दोन्ही एकदम. "करते आत्या," एवढंच मी म्हणाले, आणि आत जाऊन पुन्हा बोल्टांसमोर बसले. कुठला कुठं जातो हे तेव्हाही कळत नव्हतं, पण आता कळून घ्यायला वेळ होता.