लेकुरवाळी मरळ

त्या श्रावणात मला घरात बसवतच नव्हतं. आंधळगावहून लग्न होऊन एकोडीला आले त्याला वर्ष झालं होतं, पोटात पाचवा महिना होता, आणि सगळं लक्ष आमच्या तळ्यात. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. नवऱ्याने सरकारी केंद्रातून रोहूचं जिरं, म्हणजे माशांची इवलाली पिल्लं, बैलगाडीत हंडे ठेवून आणलं. वाटभर हाताने पाणी ढवळत आला, नाहीतर ती गुदमरतात.

"हे जगले नाई तर दिवाळीनंतर मी वीटभट्टीवर जातो," तो म्हणाला. आदल्या साली गेला होता तो थेट होळीला परतला होता.

भांड्यांचं निमित्त काढून मी सारखी काठावर. आमचं जिरं रोज कमी कमी दिसे. शिंगाड्याच्या वेलांपाशी मात्र पाण्यावर एक लाल डाग फिरे. ती मरळीची, म्हणजे लहान मासे खाणाऱ्या मोठ्या माशाची पिल्लं, आणि त्यांच्याखाली ती स्वतः. आमचं जिरं जवळ गेलं की ती झडप घाली आणि पाणी फाटायचं. अंगाची नुसती आग होई.

हे घरात सगळ्यांना दिसत होतं, पण पिल्लांसोबतची मरळ आमच्याकडे कोणी धरत नसे.

"लेकुरवाळी आहे थे," सासरे म्हणाले. "लेकुरवाळीले आपण गरी नाई लावत."

"मंग माह्या लेकराच्या बापानं भट्टीवर जावं काय?" सासऱ्यांपुढे मी पहिल्यांदाच तोंड उघडलं. सासूचा हात पिठातच थांबला.

दुसऱ्या दिवशी सासऱ्यांनी स्वतः गरीला जिवंत बेडूक लावला आणि त्या लाल डागातच टाकला. पिल्लांत शिरलेल्या बेडकावर ती लगेच धावली. ती गरीला अडकून बाहेर निघाली, आणि दुपारपर्यंत लहानसहान माशांनी तिची पिल्लं फस्त केली. मी बघत उभी होते. मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

सासूने रश्शातला पहिला तुकडा माझ्या ताटात घातला. सासऱ्यांनी चटणीभात खाल्ला.

दिवाळीत जाळ्यात रोहू आले. नवरा घरीच राहिला. थंडीत मुलगी झाली. ती नुसती शिंकली तरी सासरे दाराशी येत आणि बाहेरूनच विचारत, "सूनबाई, श्वास चालू आहे न पोरीचा?"

मी हो म्हणायची. पण आधी तिच्या छातीवर हात ठेवून बघायची.