बुटांच्या नाड्या

दिलीपभाऊ गेल्याचं त्यांच्या मुलानं फोनवर सांगितलं, तेव्हा मी स्क्रीनवरच्या एका बटणाचा रंग बदलत होते. "काहीतरीच काय बोलतोस? चार दिवसांपूर्वी तर ऑफिसात येऊन गेले!" असं मी त्या बिचाऱ्यावरच ओरडले... महिना होत आला, तरी त्या ओरडण्याची लाज जात नाही.

जळगावच्या आमच्या छोट्याशा कंपनीत आम्ही शेतकऱ्यांसाठी फोनवर बोलणारा एआय मदतनीस बनवतो. पिकावर कीड-रोग पडला की त्याला विचारायचं, तो बोलून उत्तर देतो. त्याचे स्क्रीन मी आखते, आणि लोक तो कसा वापरतात ते बघायला दिलीपभाऊ माझ्याबरोबर गावोगाव यायचे. वयानं माझ्या वडिलांएवढे, स्वभावानं शांत. मी तापट, कायम घाईत. एकदा धुळ्याजवळच्या खेड्यात कापूस लावणाऱ्या एका अक्कांकडे गेलो होतो. मी प्रश्नांची सरबत्ती केली आणि प्रत्येकाला अक्कांचं एकच उत्तर, "बठ्ठं चांगलं शे." म्हणजे सगळं छान. मी खूश! वही मिटली, चहा संपवला आणि अंगणात गाडीची किल्ली वाजवत उभी राहिले. भाऊ मात्र उंबऱ्याशी बसून बुटांच्या नाड्या बांधतच होते. आता काय मुहूर्त बघताय का, असं मी म्हणणार, तोच अक्का हळूच म्हणाल्या, "भाऊ, ती फोनमानी बाई बठ्ठासमोर म्हनस, समजनं नही. माले लाज वाटस." बोलणं कळलं नाही की आमचा बाईच्या आवाजातला मदतनीस "समजलं नाही" असं मोठ्यानं, सगळ्यांदेखत सांगायचा.

"घरी आलेल्या माणसाला तोंडावर कोण नावं ठेवणार?" गाडीत भाऊ म्हणाले. "वही मिटली की खरं बोलतात. तेव्हा घाई करायची नाही." मग आम्ही ते बदललं. फोन कानाला लावला की मदतनीस हळू, त्या एकाच माणसाला ऐकू येईल असं बोलू लागला. कौतुक माझं झालं, आणि मी ते मुकाट्यानं घेतलंही.

भाऊ ऑफिसात शेवटचे आले ते लांबलचक रजेनंतर. गळ्याची हाडं दिसत होती. "तब्येत कशी आहे, भाऊ?" "एकदम मस्त." झालं, मी पुन्हा स्क्रीनकडे वळले. काचेच्या दाराबाहेर बसून ते नाड्या बांधत होते... किती वेळ बांधत होते! मला दिसत होतं. मी आतूनच हात हलवला आणि मीटिंगला बसले.

परवा नशिराबादला त्यांच्या घरी गेले. "बरं चाललंय आमचं," वहिनी म्हणाल्या. इकडचं तिकडचं बोलून मी उठले. दाराशी भाऊंचे बूट पुसून ठेवलेले होते. त्यांच्या शेजारी बसून मी सँडल घालत होते, तेव्हा वहिनी मागून म्हणाल्या, "डॉक्टरांनी काय सांगितलं ते तुम्हाला सांगायलाच ते त्या दिवशी आले होते. घरी येऊन म्हणाले, पोरगी कामात होती गं."

मला रडू आवरेना. वहिनी अजून दारातच उभ्या होत्या. मी सँडलचा लावलेला पट्टा पुन्हा सोडला.